पन्नासची लेन्स आणि पुसलेला मामा

"जवळ या. अजून जवळ या. माणसाले माणूस टेकला पायजे."

कॅमेऱ्यामागून येणारा अब्बांचा हा आवाज रईसनं शाळेत जायच्याही आधी ऐकला होता. राजुऱ्याच्या नूर फोटो स्टुडिओत नूर मोहम्मद एक डोळा मिटून, मोकळ्या हातानं ओंजळ करावी तशी खूण करत, आणि समोरची माणसं एका फांदीवर पाखरं यावीत तशी गोळा होत. बांधावरून कोर्टात गेलेले भाऊ, सुनेशी अबोला धरलेली सासू, सगळे खांद्याला खांदा लावून उभे राहत. निम्म्या तालुक्याच्या भिंतींवर असली गुण्यागोविंदाची कुटुंबं टांगलेली होती. शेवटी गावानं एका समारंभात अब्बांचा सत्कारच केला. 'नूरभाई फोटो काढत नाहीत, माणसं जोडतात,' असं कुणी भाषणात म्हणालं आणि त्यांना शाल पांघरली. ती शाल तेव्हापासून स्टुडिओच्या खुंटीवर होती. उन्हाळ्यातसुद्धा अब्बा ती झटकून पुन्हा तिथंच टांगत.

दोन हजार सहा साल उजाडलं आणि रोल धुवायला कुणी येईना. रईसनं नागपूरहून जुना डिजिटल एसएलआर कॅमेरा आणला. आणला म्हणजे नुसती बॉडी. लेन्स वेगळी घ्यावी लागते, हे बायकोला सांगताना त्याला घाम फुटला.

"म्हणजे बिनाडोळ्याचा कॅमेरा आणला तुमी?" नाहीद म्हणाली आणि पोळी उलटवायला वळली.

मग त्या डोळ्याच्या शोधात तो पुन्हा नागपूरला गेला. दुकानदारानं आधी त्या बॉडीसोबत मिळते ती छोटी झूम लेन्स पुढं केली. घरात, मांडवात सगळीकडं चालते म्हणाला. रईसला ती साबणावर फुकट मिळणाऱ्या चमच्यासारखी वाटली. असली लेन्स लावून लग्नात गेलं तर लोक काय म्हणतील? रुंद दाखवणारी भारी लेन्स त्यानं हातात घेतली, किंमत ऐकली आणि दुसऱ्याचं तान्हं लेकरू परत करावं तशी दोन्ही हातांनी काउंटरवर ठेवली. लांबची झूम लावली तर मोबाइलच्या टॉवरवरचं कबूतर दिसायचं, पण शेजारची नवरी दिसायची नाही. उरली पन्नासची, म्हणजे पन्नास मिलिमीटरची. हलकी, प्लास्टिकची, स्वस्त, जागची न हलणारी. तिच्याबद्दल त्यानं मासिकात वाचलं होतं, की मागचं सगळं विरघळतं आणि चेहरा तेवढा चांदासारखा उरतो. त्या चांदावर तो भाळला.

दुकानदारानं एकदा बजावलं, की हिच्यात झूम नाही, आणि या बॉडीवर ती अजूनच अरुंद होते. माणसं मावत नसली तर तुम्हालाच मागं सरावं लागेल.

"पाय हायेत ना," रईस म्हणाला.

अब्बांनी ती लेन्स तळहातावर घेतली, फिरवून पाहिली. जुन्या ओळखीचं कुणी भेटावं तसे त्यांचे डोळे बारीक झाले. काहीतरी बोलतील असं वाटलं, पण त्यांनी पान तोंडात घातलं. पान मुरल्यावर एवढंच म्हणाले, "तुझ्या दोस्ताच्या, सुनीलच्या लग्नाचे फोटो काढ. अल्बम पाहीन. जमलं तर स्टुडिओच्या शटरची चावी तुझी. नाई जमलं तर सासऱ्याच्या टायरच्या दुकानात बसजो. तो तं बोलावूनच राह्यला."

रईसला टायरच्या नुसत्या वासानं मळमळत असे.

सुनील ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात कामाला होता. पासपोर्ट फोटोला आला आणि दोस्त होऊन गेला. त्याचं गाव धानोऱ्याच्या पलीकडं, रानात. तिकडच्या रिवाजाप्रमाणं नवरीच वऱ्हाड घेऊन नवऱ्याच्या गावी आली होती. हिरव्या डहाळ्यांचा मांडव, ढोल घुमतोय, आणि नवरीच्या, स्वातीच्या मागं तिचे मामा, पोचूमामा, पिवळं पागोटं बांधून खांबासारखे उभे. मामाशिवाय तिथं पान हलत नव्हतं.

रईसनं पहिला फोटो काढला. स्वातीचा चेहरा खरंच चांदासारखा उमटला. त्याचं मन असं फुललं, की कुणी मागायच्या आत त्यानं कॅमेऱ्याचा पडदा नवऱ्याच्या आईसमोर धरला. मंगलीबाईंनी डोळे किलकिले केले.

"नवरी झकास हाय. पर हे मांगं धूर कायचा?"

"धूर नाई बाई," रईस हळूच म्हणाला. "ते पोचूमामा हायेत."

रोलचा जमाना असता तर ही गोष्ट महिनाभरानं कळली असती, तोवर पाहुणे पांगले असते. पण डिजिटलचा पडदा या हातातून त्या हातात गेला आणि मामांपर्यंत पोचला. मामांनी तो जवळून पाहिला, लांबून पाहिला, पागोटं काढून पाहिला. नाक नव्हतं, मिशी नव्हती, होता तो हळदीचं बोट भिंतीला पुसावं तसा एक पिवळा फराटा.

"माह्या बहिणीची पोर मी घेऊन आलो," मामा म्हणाले, "आन् मलेच पुसलं?"

ते उठले आणि मांडवाबाहेर मोहाच्या झाडाखाली जाऊन बसले. नवऱ्याचे वडील वारलू समजवायला गेले. समजवता समजवता म्हणाले, की फोटोच तर आहे, एवढं काय? तेव्हापासून दोघांचा अबोला. ढोल थांबला. सुनील बाशिंग सावरत रईसकडं बघत होता. आणि रईसच्या नाकाशी, रानातल्या त्या स्वच्छ हवेत, टायरचा वास येऊ लागला.

त्यानं मामांपुढं उकिडवं बसून कान धरले. म्हणाला, चूक काचेची आहे, आता सगळं स्वच्छ दिसेल असा एकच फोटो काढतो. मामांनी बराच वेळ जमिनीवर काडीनं रेघा ओढल्या. मग अट घातली. "एकट्याचा नाई. माह्यासंगं सारं गाव आलं, सारं गाव दिसलं पायजे. कोणी अर्धा नाई, कोणी धूर नाई."

आता नवऱ्याचं गाव तरी कशाला मागं राहील? दोन्ही गावं मोहाखाली उभी राहिली. रईसनं कॅमेऱ्यातून पाहिलं, तर आत अकरा माणसं. तो दहा पावलं मागं सरला. त्याच्या आणि लोकांच्या मध्ये मोकळी जागा दिसली, म्हणून ज्यांना मागं उभं राहून दिसत नव्हतं ते पुढं येऊन बसले. तो मागं सरला, जागा झाली. जागा झाली, माणसं आली. माणसं आली, तो मागं सरला. असं गाणं चालावं तसं ते चालत राहिलं. बैलांच्या दावणीतून तो मागं गेला. सरपणाचा ढीग लागला, त्याला वळसा घातला. चुलीवर भात रटरटत होता तिथं रांधणाऱ्या सोमारीबाईंनी त्याला पळीनं ढोसलं आणि फोटो निघतोय कळल्यावर पळीसकट त्याही जाऊन उभ्या राहिल्या.

मग पायाखाली गार लागलं. बोडी. पावसाळ्यात धानाला पाणी देणारं ते तळं उन्हाळ्यात आटून गुडघाभर चिखल उरला होता. त्या चिखलानं त्याच्या दोन्ही चपला ठेवून घेतल्या. त्यानं कॅमेरा डोक्यावर धरून आणखी चार पावलं टाकली आणि पाठीला काहीतरी मऊ, ओलं टेकलं. ती म्हैस होती. ती तिथं सकाळपासून लोळत होती आणि फोटोसाठी उठायचा तिचा विचार दिसत नव्हता.

मागं म्हैस, पुढं दोन गावं. आणि काचेत पाहावं तर अबोल्यामुळं दोघं दोन टोकांना गेलेले. डाव्या कडेला पोचूमामा अर्धे, उजव्या कडेला वारलू अर्धे.

रईसला रडू यायचं ते बोलणं आलं. मोकळ्या हाताची आपोआप ओंजळ झाली. "जवळ या," तो ओरडला. "अजून जवळ या. माणसाले माणूस टेकला पायजे."

आवाज त्याच्याच गळ्यातून आला, पण त्याचं त्यालाच वाटलं, मागं अब्बा उभे आहेत. लोक सरकले. मधे जागाच नव्हती, म्हणून रांगेची दोन्ही टोकं विळ्यासारखी वाकत पुढं आली, आणि पोचूमामा नि वारलू अगदी समोर, मधोमध, गुडघ्याला गुडघा लागून बसले. तोल सावरायला वारलूंनी मामांच्या खांद्यावर हात टेकला. मामांना वाटलं, व्याही माफी मागतोय. त्यांनी तो हात तसाच धरून ठेवला.

रईसनं बटण दाबलं, तेवढ्यात म्हशीनं मान झटकली आणि तो चिखलात बसला. फोटो किंचित तिरपा आला. पण त्यात दोन्ही गावं तोंड भरून हसत होती.

मामांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हा मी. मिशी बी हाय." ढोल वाजू लागला.

आठ दिवसांनी स्टुडिओत अब्बांनी अल्बम चाळला. त्या फोटोवर ते थांबले. रईसनं सगळं सांगून टाकलं, पुसलेला मामा, बोडी, म्हैस, सगळं. लेन्स चुकली, हेही सांगितलं. "आखरीले तुमचंच बोलणं कामी आलं, अब्बा. पोचूमामा म्हणे, हा फोटोवाला माणसं जोडते."

अब्बांनी कमरेची चावी काढून टेबलावर ठेवली. पण रईसनं हात पुढं करताच ते उठले आणि नाहीदला दाराचा पडदा ओढायला सांगितलं. मग कपाटातून आपला जुना कॅमेरा काढला, त्याची लेन्स फिरवून सोडवली आणि रईसच्या लेन्सशेजारी ठेवली. कडेवरचा आकडा घासून पुसट झाला होता, तरी वाचता येत होता. पन्नास.

"चाळीस वर्सं हीच एक," ते म्हणाले. "रुंद लेन्स घ्याची ऐपत नोती. आन् आपला स्टुडिओ तं एवढुसा, मांगं सरलो का पाठ भिंतीले. माणसं मावत नोती बेटा. म्हणून म्हणत होतो, जवळ या."

रईस दोन्ही लेन्सकडं आळीपाळीनं बघत राहिला. नाहीदनं पदराखाली हसू दाबलं.

"मंग इतकी वर्सं सांगतलं काऊन नाई?"

अब्बांनी खुंटीकडं पाहिलं.

"सांगणारच होतो," ते म्हणाले. "तेवढ्यात त्यायनं शाल पांघरली."