माणिकमामाची मोकळी कात्री

"बारीक करू का मिडीयम?"

धारूरच्या डोंगरकडेला, सीताफळाच्या रोपवाटिकेत कामाला आलो त्या पहिल्याच सकाळी हा प्रश्न माझ्या कानावर पडला. मी आपोआप डोक्यावरून हात फिरवला. पण प्रश्न मला नव्हताच. खांद्यावर टॉवेल टाकलेला एक म्हातारा हातात कात्री धरून सीताफळाच्या झाडाला विचारत होता. झाड काही बोललं नाही. "मिडीयमच बरं. ऊन लई हाय," असं स्वतःच ठरवून त्यानं छाटणी सुरू केली.

हे माणिकमामा. उभं आयुष्य बाजारात खुर्ची टाकून लोकांच्या दाढ्या केल्या आणि उतारवयात झाडांकडे वळले. तुम्ही आमच्याकडे आलात तर त्यांना शोधावं लागणार नाही. कात्रीचा आवाज येईल तिकडे जायचं. दोन फांद्यांच्या मध्येसुद्धा त्यांची कात्री हवेत मोकळीच चालू असते, कचकच कचकच. चहा प्यायचा तर कप डाव्या हातात, उजव्यात कात्री. बोलताना कात्री. मालक रागावले तरी कात्री.

झाडाला ते झाड म्हणत नाहीत, गिऱ्हाईक म्हणतात. "हे गिऱ्हाईक गुणाचं. मान हालवत न्हाई, का सोयरिकीच्या गोष्टी काढत न्हाई." एका झाडाची छाटणी झाल्यावर त्यांनी पिशवीतून आरसा काढला, झाडाच्या पाठीमागं धरला आणि मालकांना म्हणाले, "मागून बघून घ्या. नंतर तक्रार चालायची न्हाई." मालकांनीही वाकून बघितलं. तसं मामांपुढं कुणाचं चालत नाही.

फुलं आली की त्यांचा थाट बघावा. सीताफळाला आपणहून फळ कमी धरतं म्हणून एका फुलातलं पिवळं पीठ दुसऱ्या फुलाला हातानं लावावं लागतं. बाकीच्यांकडे त्यासाठी रंगाचे बारीक ब्रश. मामांकडे दाढीचा.

"धुतलाय ना?" मालक विचारतात.

"अर्ध्या तालुक्याच्या गालावरून फिरलाय. फूल काय, मंत्रीसुद्धा लाजंल याच्याफुडं!"

आणि खरंच, त्यांचा ब्रश फुलावर असा हलका थरथरत फिरायचा, की त्यांच्या ओळीतल्या झाडांना फळ जास्त धरायचं. कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर, "धंदा बदलला बे, हात न्हाई बदलला."

हे वाक्य मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात ऐकवलं, कारण मी तेव्हा रडायच्या बेतात होतो. मी इचलकरंजीचा. आठवीतून शाळा सोडली आणि यंत्रमागावर लागलो. माग भंगारात गेले तसा मी रिकामा झालो. घरी एकटी आई. ओळखीच्या ट्रक ड्रायव्हरनं इथं आणून सोडलं. झाडातलं मला शेवगा आणि आंबा ओळखता यायचा, तोही फळ दिसलं तर. मालकांनी एक वाफा दाखवून सांगितलं, "एवढी कलमं बांध. फुटली तर राहा. नाही फुटली तर आल्या ट्रकनं परत."

परत कशाला जायचं होतं? तिकडं काही कामच उरलं नव्हतं. मी ताट तसंच पुढ्यात ठेवून बसलो होतो. मामा शेजारी येऊन बसले. कचकच, कचकच.

"कावून बे, जेवत न्हाईस?"

"मला यातलं काही येत नाही मामा."

"मग काय येतं?"

"तुटलेला धागा जोडायला. गाठ मारायला. बाकी काही नाही."

कात्री जरा थांबली. "बोटं दाव." मी दाखवली. त्यांनी ती उलटीपालटी करून बघितली, बाजारात बैल बघतात तशी. मग हसले. "आरं येड्या, कलम म्हंजे दुसरं काय अस्तं? ह्याची काडी, त्याचा खुंट, आन् वरून गच्च पट्टी. मी काडी बसवतो, तू बांध. तुझाबी धंदा बदलला बे, हात न्हाई बदलला."

दुसऱ्या दिवशी बसलो. कलमाची काडी बसवायची तर दोन्ही हात मोकळे लागतात. मामांनी कात्री खाली ठेवली. मी पहिल्यांदाच त्यांचा उजवा हात रिकामा बघितला. तो थरथरत होता. काडी खुंटात बसेना, सारखी हलत होती.

"वारं हाय," मामा म्हणाले.

पान हलत नव्हतं. मी म्हटलं, "हो, लई वारं आहे," आणि माझ्या डाव्या हातानं त्यांचा हात काडीसकट धरून ठेवला. उजव्यानं पट्टी बांधली. मागावर धागा तुटला की घाईत जशी मारायचो तशीच गाठ बसली. पुढचं कलम, त्याच्या पुढचं, सगळा वाफा आम्ही तसाच केला.

कोंब फुटायला लागले तेव्हा मी सारखा वाफ्यापाशीच घुटमळायचो. मालक बघायला आले. मामा आधीच तिथं उभे, कात्री चालू. "पावण्याची गाठ हाय ही. ह्याला ट्रकात बशिवलं तर मलाबी बशिवा." मालक हसले. मी राहिलो.

दिवाळीला पहिल्यांदा घरी निघालो. दाढी वाढलेली. मी खोकं उलटं टाकलं, मामांसमोर बसलो आणि म्हटलं, "मामा, दाढी करा."

"गावात सलून हाय. मी झाडांचा हजाम."

"मला तुमच्याकडूनच करायची आहे."

कात्रीची कचकच वाढली. मग एकदम थांबली.

"तुला तर ठावं हाय ह्यो हात," ते हळू आवाजात म्हणाले. "एका गिऱ्हाइकाला रगत निघालतं. बोलला न्हाई गरीब. पर फिरून आला न्हाई. मग एकेक जण गेला. दुकानाम्होरून जाताना मान खाली घालायचे रे, मलाच वशाळल्यागत व्हायचं. म्हणून खुर्ची उचलली."

मी मान वर केली. गळा त्यांच्यापुढं केला.

त्यांनी कात्री खाली ठेवली. मग फुलांचा ब्रश धुऊन आणला, फेस लावला, वस्तऱ्यात नवं पातं घातलं. मी त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं, कलम धरतो तसं. वस्तरा गालावरून उतरला. त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

संपल्यावर आरसा धरला. "बघून घे. नंतर तक्रार चालायची न्हाई." डोळे पुसायला टॉवेल त्यांनी माझ्या खांद्यावरचाच घेतला.

घरी पोचलो तर आईनं हनुवटी धरून तोंड उजेडाकडं फिरवलं. "कुणाकडं केलीस रं दाढी? कानाखाली तशीच ऱ्हायलीया की!"

"असू दे आई," मी म्हटलं. "आमच्या मामांनी केलीय."

परत मामांकडे जाईपर्यंत मी कानाखाली वस्तरा लागू दिला नाही.