तार तुटली नाही

बाल्कनीतली कपड्यांची दोरी ओल्या गोधडीसकट खाली आली, आणि जावयाला टोमणा मारायला भाऊंना आयतंच निमित्त मिळालं.

"मार्तंडराव, तुम्ही दिवसभर कॉम्प्युटरवर तारा ताणता म्हणे. खऱ्या तारा?"

"खऱ्या नाहीत, भाऊ."

"आणि पगार?"

नीला फिस्सकन हसली. मार्तंडला मात्र ते चांगलंच झोंबलं. मुलुंडच्या तारांच्या कारखान्यात नुकताच कॉम्प्युटर आला होता, आणि चपला बाहेर काढून त्या गारेगार खोलीत शिरायचा मान मिळालेल्या दोघातिघांत मार्तंड होता. तारेचे मनातल्या मनात बारीक बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येकावर किती ताण येतो ते मोजायचं आणि तार कधी तुटेल ते ती न तोडताच सांगायचं, असं त्याचं काम. पण सासरे पडले बांधकामावरचे जुने सुपरवायझर. बोरिवलीची ही इमारतसुद्धा त्यांच्याच देखरेखीखाली उभी राहिलेली. हाताला लागत नाही ते काम त्यांना कामच वाटायचं नाही. एकदा तरी यांच्या तोंडून 'वा!' काढायचाच, असा मार्तंडने चंग बांधला.

"मी तार आणतो! नीला, गोधड्या घाल, सतरंज्या घाल, काय वाट्टेल ते घाल! फक्त भाऊ, दोन्हीकडच्या भिंती हलणार नाहीत ना?"

"माझ्या भिंती?" भाऊ गरजले. "हत्ती बांधा हत्ती!"

मार्तंडने कॉम्प्युटरला तस्संच सांगितलं. दोन्ही टोकं पक्की, जागची हलणार नाहीत. उत्तर आलं तेव्हा तो अनवाणीच नाचला. अख्ख्या मजल्याचे कपडे घातले तरी तार तुटणार नव्हती!

रविवारी सकाळी तार चढली. नीलाने भीत भीत एक ओली गोधडी टाकली. तार ढिम्म.

"आणखी आण!"

दुसरी झाली, तिसरी झाली. समोरच्या उत्तरावहिनी चादरींची बादली घेऊन धावत आल्या. वरच्या शेवंतीमावशींनी लग्नातली जाडजूड सतरंजी भिजवून पाठवली.

"झकास आहे हो तुमची तार!" उत्तरावहिनी म्हणाल्या. मार्तंडची छाती फुगली. भाऊंचे ओठ हलले. आता 'वा!' येणार, इतक्यात धडाम्!

हुक, त्याच्यामागे प्लास्टर आणि त्यामागे पाच-सहा विटा, सगळं खाली. भिंतीला पडलेल्या भगदाडातून शेजारचे श्यामसुंदर दिसले. गालांना साबण, हातात वस्तरा.

"काय झालं काय?"

"तार तुटली नाही!" मार्तंड आनंदाने ओरडला. "बघा भाऊ, बघा! एक पीळसुद्धा सुटला नाही!"

चादरींच्या ढिगाखालून नीला बाहेर आली. "अहो, भिंत गेली!"

"भिंत गेली गं, पण तार बघ!"

भाऊ खाली वाकले. विटेला लागलेला सिमेंटचा माल त्यांनी बोटांनी चोळला, तर नुसती रेती भुरभुरली. त्यांचा चेहरा इतका उतरला, की मार्तंडला क्षणभर वाईट वाटलं. पण भाऊ लगेच सावरले.

"भिंत हलणार नाही, असं त्या कॉम्प्युटरला सांगितलं कोणी?"

"तुम्हीच, भाऊ."

भाऊंनी भगदाडाकडे पाहिलं, श्यामसुंदरांकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"मार्तंडराव, घरात बोललेलं ऑफिसात सांगायचं असतं का?"