सासूबाईंची मान आणि डॅनिश स्पीकर

अख्ख्या नोवी साद शहरात माझ्यासारखे कान कुणाचे नाहीत! हे मी सांगत नाही... म्हणजे मीच सांगतो, पण फार वर्षांपासून सांगतोय.

म्हणूनच स्लाव्हित्साने, माझ्या बायकोने, भारीतले स्पीकर घ्यायला एकदाचा होकार दिला, तेव्हा मी दुकानदार मित्र नेबोय्शाकडून दोन जोड्या घरी आणल्या. एक डॅनिश, एक इटालियन. आठवडाभर ऐकायच्या, एक ठेवायची.

"नीट निवड," स्लाव्हित्सा म्हणाली. "या जन्मात पुन्हा हा विषय काढायचा नाही!"

पहिल्याच संध्याकाळी डॅनिश जोडीवर चेलो, म्हणजे ते खर्जातलं थोरलं व्हायोलिन, असा वाजला की माझे डोळे भरून आले. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून सासूबाई किंचाळल्या, "प्रोमाया!"

आमच्याकडे दाढ दुखो, कंबर धरो, खापर प्रोमायावरच फुटतं. म्हणजे घरात शिरलेल्या वाऱ्याच्या झोतावर. ऑगस्टच्या उकाड्यातही आमच्या खिडक्या बंद होत्या आणि रादोयका सासूबाईंच्या गळ्याला रुमाल होता.

"जावईबापू, या खोक्याला मागे भोक आहे! मानेवर वारा येतोय!"

"आई, ते मुद्दाम ठेवलेलं असतं. खर्ज बाहेर पडायला."

"खर्ज पडू दे की. वारा कशाला?"

मी आवाज थोडा वाढवला.

दुसऱ्या दिवसापासून डॅनिश जोडी रुसली. चेलोला पडसं झालेलं! मी स्पीकर सरकवले, वळवले, वायरी बदलल्या. स्लाव्हित्साला विचारलं, तर ती म्हणाली, "मला दोन्ही सारखेच वाटतात. जेवायला चल." शेवटी थकून मी इटालियन ठरवली.

शनिवारी नेबोय्शा आला. "बोला पंडित, कुठली?"

"इटालियन! डॅनिशचा खर्ज कोंडलेला आहे. ओळखायला कान लागतात, लेका!"

नेबोय्शाने डॅनिश स्पीकर उचलला, मागे दोन बोटं घातली आणि लोकरीचा मोजा बाहेर ओढला. दुसऱ्या स्पीकरमधून त्याचा जोडीदार निघाला.

"आई!!"

"ओरडू नका. तेव्हापासून माझी मान मोकळी आहे."

"मग इटालियनला का नाही कोंबला?"

"त्याचं भोक पुढे आहे. समोरचा वारा निदान दिसतो तरी!"

मोज्यांशिवाय आम्ही डॅनिश पुन्हा लावले. चेलो परत आला! स्लाव्हित्सासुद्धा हातातलं फडकं विसरून ऐकत राहिली. "हेच ठेवू या," ती म्हणाली. मला अगदी भरून आलं.

सासूबाई उठल्या. "ठेवा. मी धाकटीकडे जाते, सुबोतित्साला. कायमची."

स्लाव्हित्सा माझ्याकडे बघत होती. 'आई, जाऊ नका' असं मी ताबडतोब म्हणायला हवं होतं, हे मलाही कळतं. पण आठवडाभराचा थकवा होता हो! माझ्या तोंडून निघालं, "गाडी किती वाजता आहे?"

नेबोय्शा दोन्ही जोड्या परत घेऊन गेला. त्याला दया आली म्हणून जाताना मला एक मोठा हेडफोन देऊन गेला. स्लाव्हित्सा माझ्याशी बोलत नाही. मी कोपऱ्यात बसून, घामाघूम होऊन चेलो ऐकतो.

सासूबाई मात्र येता-जाता थांबतात आणि हेडफोन माझ्या डोक्यावर नीट दाबून बसवतात. "आता कसं! दोन्ही कान झाकलेले. हिवाळा संपेपर्यंत काढू नका." एवढ्या खूश तर त्या आमच्या लग्नातही नव्हत्या.