मूळ गाण्याची सर

मुलांनो, सरळ बसा. कथा लहान आहे. चुळबुळ करण्याइतका वेळ तिच्यात नाही.

एका जंगलात उंबराच्या झाडाखाली एक शिवलिंग होते. रोज पहाटे त्या उंबराच्या फांदीवर बसून एका पक्ष्याने देवापुढे गीत गावे, अशी तेथील प्रथा होती. तिला पहाटेची सेवा म्हणत. सेवा एकाच पक्ष्याकडे वर्षभर असे. तिच्याहून मोठा मान त्या जंगलात नव्हता.

सेवेचा एक नियम होता. जे गीत गायचे, ते तीन वडीलधाऱ्यांनी पूर्वी ऐकलेले असले पाहिजे. तिघांनी ‘ऐकलेलं आहे’ असे म्हटले, की गीत शुद्ध ठरे.

या नियमामुळे जंगल सुखी होते. गाणी तीच; गळे तेवढे नवे. गाणे सुरू होण्यापूर्वीच श्रोत्यांच्या माना डोलू लागत. पुढची ओळ गाणाऱ्याच्या आधी त्यांच्या तोंडी येई, आणि ती बरोबर आली की प्रत्येकाला वाटे, आपल्याला गाण्यातले कळते. ओळखीच्या गाण्यात ही मोठी सोय असते. ते ऐकावे लागत नाही.

त्या जंगलात एक दयाळ पक्षी राहत असे. त्याला एक गीत सुचले. ते त्याने तीन ऋतू घोटले. एकही सूर जास्तीचा ठेवला नाही. तिसऱ्या ओळीत ते गीत हळूहळू खाली उतरे, जणू कोणी देवाच्या पायांवर डोके ठेवीत आहे. हे गीत एकदा तरी त्या फांदीवरून देवापुढे गावे, एवढीच त्याची इच्छा होती.

तो सभेत आला. समोर तीन वडीलधारे बसले होते: धनेशपंत, घोरपडआजी आणि रानगव्यांचे प्रमुख गवाबापू. दयाळ गायला. गाणे संपले. कोणी हलले नाही.

‘कुणाचं रे हे गाणं?’ धनेशपंतांनी विचारले.

‘माझंच, पंत.’

‘गायलास तू, ते दिसलं. पण आहे कुणाचं?’

‘मीच केलंय.’

‘अरे बाळा,’ घोरपडआजी म्हणाली, ‘मग डोलायचं कुठं, ते आधी सांगायचंस ना! माझी मान अवघडली नुसती.’

‘ऐकलेलं नाही,’ गवाबापूंनी निकाल दिला.

‘आत्ताच ऐकलंत की, बापू!’

‘आत्ता ऐकलेलं ऐकलेल्यात धरत नाहीत.’

दयाळ तळ्याकाठी जाऊन बसला. त्या तळ्यात एक वृद्ध कासवीण राहत असे. सगळे तिला कासवमावशी म्हणत. तिने पाण्याबाहेर डोके काढले.

‘ऐकलं मी तुझं गाणं. चांगलं आहे. एकच खोड आहे त्यात.’

‘कोणती, मावशी?’

‘ते तुझं आहे.’

‘मग काय करू?’

‘दुसऱ्याचं कर. मेलेल्याचं केलंस तर फारच उत्तम. जिवंताला नावं ठेवायला जागा असते.’

‘पण हे खोटं होईल.’

‘होईल. आणि पहाटे गायला मिळेल. बघ बाबा, तुझं तू.’

दयाळाने दिवसभर विचार केला. गीत खरे आहे, त्यापुढे एक वाक्य खोटे जोडले तर काय बिघडते, असे त्याने मनाला सांगितले. मुलांनो, येथे तो चुकला. देवापुढे नेण्याच्या ताटात एक किडका दाणा चालेल, असे ज्याला वाटते, त्याने ताट खाली ठेवावे.

पुढच्या सभेत तो पुन्हा उभा राहिला. ‘पलीकडच्या डोंगरातल्या कैलासवासी शुभ्रकंठीबाईंचं हे गाणं. मी आपलं माझ्या गळ्यानं म्हणून दाखवतो.’

गाणे तेच होते. पहिल्या ओळीलाच माना डोलू लागल्या.

‘वा!’ धनेशपंतांचे डोळे भरून आले. ‘किती वर्षांनी कानावर पडलं!’

‘आमचे आजोबा म्हणायचे हे,’ गवाबापू म्हणाले. ‘चिखलात बसले की हेच.’

‘तुमचे आजोबा राहू द्या हो. मी खुद्द बाईंच्या तोंडून ऐकलंय,’ घोरपडआजी म्हणाली. ‘काय तो आवाज! यानं म्हटलं बरं, नाही म्हणत नाही. पण बाईंची सर नाही.’

‘सर नाही,’ सभा म्हणाली, आणि तिने दयाळाला वर्षाची सेवा दिली.

गीत जंगलभर पसरले. साळुंकीने ते दुप्पट वेगाने म्हटले. बेडकांनी समूहाने म्हटले. सुतारपक्ष्याने शब्द आणि सूर वगळून केवळ ठेका वाजवला, आणि त्यातही अनेकांना मूळ गाण्याचा भास झाला. जो तो प्रत्येक नवा गळा कौतुकाने ऐके आणि शेवटी म्हणे, ‘छान, पण बाईंची सर नाही.’ शुभ्रकंठीबाईंची पुण्यतिथी ठरली. घोरपडआजीला दर आठवड्याला बाईंविषयी काहीतरी नवे आठवू लागले. बाई गाण्यापूर्वी पाणी पीत नसत. बाईंना पेरू वर्ज्य होता.

आणि एके दिवशी आजीला आठवले की बाई तिसऱ्या ओळीत खाली उतरत नसत. वर चढत.

‘दयाळा, तेवढं सुधारून घे,’ धनेशपंतांनी निरोप दिला. ‘पुण्यतिथीपासून वर चढायचं. खाली उतरलं की कुणाला वाहवा म्हणता येत नाही.’

पुण्यतिथीला सारे जंगल उंबराखाली जमले. दयाळ फांदीवर बसला. तिसऱ्या ओळीपाशी तो थांबला.

‘ही ओळ वर जाणार नाही,’ तो म्हणाला. ‘ती नमस्काराची आहे. मी केली आहे, म्हणून मला ठाऊक. शुभ्रकंठीबाई कुणी नव्हत्या. मी खोटं बोललो.’

‘नव्हत्या?’ घोरपडआजी ताडकन उठली. ‘मग मी ऐकलं कुणाला?’

‘ते आपणच सांगावं, आजी.’

हे खरे मानावे तर तीन वडीलधारे खोटे ठरत होते. खोटे मानावे तर केवळ एक दयाळ. सभेला फार विचार करावा लागला नाही.

‘मेलेल्या बाईचं गाणं चोरतोस!’ कोणी ओरडले.

‘वर ती नव्हतीच म्हणतोस! लाज नाही वाटत?’

दयाळाने तळ्याकडे पाहिले. ‘मावशी, तुम्ही तरी सांगा.’

कासवमावशीने डोके कवचात घेतले.

धनेशपंतांनी पंख उभारून सर्वांना शांत केले. ते वाईट नव्हते, मुलांनो. वडीलधारे क्वचितच वाईट असतात. ‘हे बघ,’ ते हळू म्हणाले, ‘बाईंची क्षमा माग. ती एक ओळ बाईंसारखी म्हण. सेवा तुझ्याकडेच राहील, कायमची. एका ओळीचा तर प्रश्न आहे.’

‘क्षमा मागायचीच आहे, पंत,’ दयाळ म्हणाला. ‘पण ती देवाची. ज्या बाई नव्हत्याच, त्यांची कशी मागू?’

त्याने शिवलिंगाला वंदन केले आणि तो फांदीवरून उतरला.

सभेने सेवा साळुंकीला दिली. दयाळाने ते गीत पुन्हा म्हणू नये, गुणगुणूही नये, असे ठरले. कारण दिले गेले: मूळ गाण्याचे पावित्र्य.

दुसऱ्या दिवशी पहाटे साळुंकी तिसऱ्या ओळीत वर चढली. इतकी वर, की तेथे देवाचे पाय कोठे आहेत हे कोणालाच आठवले नाही. गवाबापूंना हुंदका आवरेना. घोरपडआजी म्हणाली, ‘अगदी बाई! डोळे मिटले की अगदी बाई!’

दयाळ नदीपलीकडे गेला. तेथे त्याने दुसरे गीत केले, असे म्हणतात. ते कसे आहे, हे सांगता येत नाही. नदी ओलांडून कोणी गेले नाही.

देवाला कोणती ओळ आवडली, हे विचारण्याची त्या जंगलात प्रथा नव्हती.

तात्पर्य: नेहमी खरे बोलावे. मात्र ते आपण प्रथमच बोलत आहोत, हे कोणाला कळू देऊ नये.