राजेशाही गाडी आणि काल्याचं कीर्तन

या, जरा जवळ सरका. कीर्तनाला बसल्यासारखी मांडी घाला. आज जे आख्यान लावतोय त्यात राजवैभव आहे, रथ आहे आणि मुख्य म्हणजे मी आहे!

बहात्तरचा दुष्काळ सरून ऊस पुन्हा उभा राहिला, त्या साली मी फलटणकडच्या एका सरदारांची शिकारीची गाडी घेतली. जुनी, पण विलायती! आत मखमली गाद्या, सागवानी कपाट आणि चारी चाकांना इंजिनाचं बळ. ओढ्यातून अशी निघायची की म्हशींनी उठून वाट द्यावी! आमची कारभारीण हरणाबाई एवढंच म्हणाली,

“आवं, सरदाराला परवडंना म्हनून त्यानं इकली. तुमी कोन लागून गेला?”

बायकांना यंत्रातलं काय कळतं! पहिल्या महिन्यात पंप गेला, दुसऱ्यात गिअरबॉक्स. सुटे भाग विलायतेहून बोटीनं यायचे आणि माझा ऊस कुपवाडच्या रसूल मिस्त्रीकडं जायचा. शेवटी रसूललाच मी हत्यारांसकट मागच्या गादीवर बसवून फिरू लागलो. लोक स्टेपनी बाळगतात, मी मिस्त्री बाळगला!

अशात आमच्या पलूसकडच्या गावात सप्ताह बसला. काल्याचं कीर्तन भर दुपारी, आणि हंडी फुटल्याशिवाय गाव जेवत नाही. बुवा सांगलीचे. पंच म्हणाले, यष्टीनं आणू. मी नारळावर हात ठेवून गरजलो, “बुवा माझ्याच गाडीतनं येतील! येळ चुकली तर जन्मात टाळ हातात धरनार न्हाई!”

टाळ म्हणजे माझा जीव हो!

सांगली सोडली तशी गाडी कण्हू लागली. बुवा म्हणाले, “पखवाज बरा वाजतोय.” आणि गाव कोसभर राहिलं असताना, धाडकन! गाडी ठप्प! ऊन डोक्यावर.

रसूल गाडीखालून ओरडला, “आन्ना, चार चाकांचा दांडा वडलाय व्हय?”

“सांगलीपास्नं!”

“आवं, तो चिखलासाटी! डांबरीवर कशाला?”

“बुवास्नी दोन चाकांवर न्यायचं? ह्यो काय भाड्याचा टांगा हाय? आन् पैसं चार चाकांचं मोजल्यात!”

“मग आता आठांचं मोजा! आतलं गिअरचं समदं दात उडालं.”

बुवांनी सूर्याकडं पाहिलं. “सयाजीराव, गाव उपाशी आहे.”

माझ्या हातातले टाळ गळालेच म्हणा! तेवढ्यात कारखान्यावर ऊस टाकून मोकळी बैलगाडी घेऊन आमच्या गावचा कृष्णात आला. त्याचे बैल सोडले, आमच्या गाडीला जुंपले. बुवा मखमलीवर, रसूल सुकाणूवर, पुढं कासरा धरून मी!

वेशीत गलका उठला, “आरं, सयाजीनं रथ केला रं!” बाया आरत्या घेऊन धावल्या. हंडी वेळेवर फुटली. बुवांनी भर कीर्तनात दृष्टांतही दिला, “घेताना राजाची, पोसताना रयतेची, असा हा संसार!” पंचांनी तिथंच ठरवलं, दरसाल बुवा ह्याच रथातून यायचे. “कसं काय सुचलं रं गड्या?” त्यांनी विचारलं. मी नम्रपणे हात जोडले.

“मग आता इंजिन कशाला?” हरणाबाईनं दुसऱ्याच दिवशी भंगारवाल्याला बोलावलं.

तेव्हापासून दुरुस्तीला छदाम नाही! मात्र, मंडळी, एक विनंती. तुमच्या ओळखीत कुणी जुनी राजेशाही गाडी घेत असेल, तर अडवू नका. कुपवाडच्या रसूलची आठवण ठेवा. त्याच्या थोरल्या लेकीचं, दिलशादचं लग्न माझ्या गाडीच्या दुरुस्तीवर झालं. धाकटी झुबेदा अजून राहिलीय.