बोगद्याचा फोटो

"ह्या खडकाले मी हातोडीनं बोलतं करतो!" केनवडजवळ टेकडीतून कालव्याचा बोगदा खणणाऱ्या टोळीचा मुकादम जगदेव छाती ठोकून सांगायचा. अठरा वर्षं त्यानं खडक ठोकले होते. आवाज ठणठणीत आला तर खडक पक्का. भदभद आला तर लाकडी टेकू लावा. बस!

मग कॅमेरा घेऊन नवे साहेब आले. "जगदेव, हे जुनं झालं. खडकाचा फोटो काढायचा, त्यावर चौकटी आखलेली काच ठेवायची आणि भेगा मोजायच्या. जेवढ्या भेगा, तेवढे टेकू. शास्त्र आहे हे!"

जगदेवच्या अंगाची लाही लाही झाली. आता कागद सांगणार खडकाची तब्येत!

रोल मंगरूळपीरला धरमसिंगच्या स्टुडिओत गेला. पंधरवड्यानं फोटो आले. साहेबांनी काच ठेवली, भिंग लावलं, घाम पुसला. भेगा शून्य!

"अव्वल खडक! सगळे टेकू काढा."

"काढा?" जगदेव कडाडला. "आत वीस मानसं काम करून राह्यली! त्याहिले कायले मारता, सायेब?"

"माझा हुकूम आहे!"

"मंग तुमीच चाला आत!"

त्यानं माणसं बाहेर काढली, साहेबांचं मनगट धरलं आणि फोटो काढलेल्या जागी नेऊन हातोडी हाणली. धप्प! पाटाएवढी कपची साहेबांच्या बुटापुढं आदळली. साहेब पिठासारखे पांढरे! फोटोत तीच जागा आरशासारखी गुळगुळीत.

"त्या फोटोवाल्याची चामडीच सोलतो!" जगदेव गरजला.

दोन बस बदलून दोघं मंगरूळपीरला पोचले. जगदेवनं फोटो गल्ल्यावर आपटला. "काहून बे, भेगा कुठं गेल्या?"

"दिसत नाईत ना?" धरमसिंगचा चेहरा फुलला. "आठ दिस बसून एकेक बुजवली, ब्रशानं! सायबाची चिठ्ठी होती ना. 'टनेल फेस. एकदम साफ पाहिजे.' फेस म्हंजे चेहरा. मले वाटलं, टनेल कोनी म्हातारा गोरा सायब असंल. सुरकुत्याच सुरकुत्या!"

त्यानं चिठ्ठी पुढं केली. अक्षर साहेबांचंच.

साहेबांनी मान खाली घातली. "आमच्या भाषेत टनेल फेस म्हणजे बोगद्यातला उघडा खडक. चूक माझी, जगदेव. टेकू राहू दे. तू म्हणशील तिथं आणखी लाव."

झालं! इतका राग घेऊन आलेला माणूस, आणि साहेब भांडायलाच तयार नाहीत! जगदेव आणखीनच भडकला. उरला होता एकटा धरमसिंग.

"अबे, मानसाचा चेहरा वाटला तुले? नाक होतं काय त्याले?"

"नव्हतं ना!" धरमसिंग कळवळून म्हणाला. "दोन दिस शोधलं. मंग मीच एक काढलं."

साहेबांनी फोटो उजेडाला धरला. जगदेवही वाकला.

नाक होतं. चांगलं सरळ होतं.