कड्यावर बोललेलं

अंदमानातल्या त्या बेटावर, हॉटेलच्या अंगणात, अकोल्याची अख्खी टूर तोंडं बांधून उभी होती. आभाळ ढगाळ, वारा गार, उन्हाचा पत्ता नाही. पण घराबाहेर पडायचं म्हटलं की अकोल्याचा माणूस आधी दुपट्टा शोधतो आणि मग चप्पल. त्यात टूरवाल्या शेखरनं निघतानाच सगळ्यांना एकसारखे पांढरे दुपट्टे भेट दिलेले. डोकं, कान, नाक, तोंड सगळं गुंडाळलेलं आणि वर काळा गॉगल. तिथला गाईड बिचारा दोन पावलं मागेच सरकला.

"ये लोग कौन हैं?" त्यानं शेखरला हळूच विचारलं.

"अकोला," शेखर म्हणाला. त्याच्या मते एवढं पुरेसं होतं.

या घोळक्यात सूर्यभानराव उभे होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, अत्यंत सज्जन आणि तितकाच मुका माणूस. लग्न ठरताना "मुलगी पसंत आहे का?" असं विचारलं, तर पठ्ठ्या "पाणी द्या" म्हणाला होता. त्यांच्या लेकीला, रागिणीला, पुण्यात बाळ झालं तेव्हा बायको वच्छलाबाई महिनाभरासाठी म्हणून तिकडे गेल्या. त्याला दोन वर्षं झाली. आता टूरलाही त्या पुण्याहूनच आलेल्या, आणि टूर संपली की विमानतळावरूनच परत पुणे. म्हणजे 'घरी चाल' असं म्हणायला आजचा शेवटचा दिवस उरला होता. समुद्राच्या कड्याकड्यानं टोकापर्यंत चालायचं, तिथं जेवायचं आणि त्याच वाटेनं परत यायचं. सूर्यभानरावांनी मनाशी पक्कं केलं होतं, चालता चालता बोलायचं. तोंडाकडे न पाहता बोलणं कदाचित जमेल.

वाट अरुंद, एकामागे एक चालायची. खाली निळंशार पाणी खडकांवर आपटत होतं. वच्छलाबाई पुढे, अंगात कालच इथल्या बाजारात घेतलेला जांभळा पंजाबी ड्रेस. अकोल्याच्या शेजारीण बेबीताई खरेदीला सोबत होत्या, त्यांनीही तस्साच घेतलेला. पहिल्याच वळणावर वच्छलाबाईंचा पाय मुरगळला. "थांबा ना वो!" म्हणून त्या कडेच्या दगडावर टेकल्या. पण सूर्यभानरावांच्या कानांवर दुपट्ट्याचे दोन वेढे होते, आणि डोळे नेमके पाण्याकडे. ते तसेच पुढे गेले. समोर जांभळा ड्रेस दिसला, त्याच्यामागे चालू लागले. तो बेबीताईंचा होता.

शेखरनं वच्छलाबाईंना नारळवाल्याच्या छपरीत बसवलं आणि सूर्यभानरावांना निरोप द्यायला पुढच्याला सांगितलं. पुढच्याचेही कान बांधलेले. निरोप तिथंच राहिला.

इकडे सूर्यभानरावांनी घसा खाकरला.

"तुले एक सांगू का?"

पुढून "हं" आलं. बेबीताईंना चढावर एवढाच दम होता.

"तू गेली अन् घर खायाले उठते. टीव्हीवर सासू-सुनाईची भांडनं लावून ठेवतो मी. पाहात नाही. पन घरात बाईचा आवाज तं येते."

बेबीताई दचकल्या. 'भाऊजी, मी बेबी हाये,' असं सांगायला वळणार, तोच मागून आलं, "वळू नको. तोंड पाहिलं का माहं बोलनं बंद होते."

मग कसल्या वळतात! त्या चालत राहिल्या.

"भाजीवाली पुसते, ताई कधी येतीन? मी म्हनतो, येत्या सोमवारी. दर आठवड्याले हेच सांगून राहिलो. आता ते बिचारी पुसतच नाही. तुहा कप रोज धुतो मी. वापरला नसला तरी धुतो. फाटक वाजलं का उठून पाहातो, अन् असते दूधवाला."

वच्छला इतका वेळ गप्प आहे याचं त्यांना नवल वाटलं. पण एवढ्या समुद्रापुढे कोणीही गप्प होईल, अशी त्यांनी समजूत घातली. आयुष्यभराचं साचलेलं ते बोलत गेले. पुढे बेबीताई दुपट्ट्याचं टोक गॉगलखाली घालून डोळे पुसत होत्या.

टोक आलं. सगळे जेवायला बसले. सूर्यभानरावांनी दशम्यांचं फडकं सोडलं. "खा आता. अन् घरी चाल..."

समोरचा दुपट्टा सुटला. आत बेबीताई!

"भाऊजी, तुमीच म्हनलं वळू नको," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या.

दशम्या तिथंच टाकून सूर्यभानराव उलट पावली पळत सुटले. साठी उलटलेला माणूस, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काटेरी केवडा! दुपट्टा झाडाला अडकला तो अडकलाच. छपरीपाशी पोचले तेव्हा छातीचा भाता झाला होता. वच्छलाबाई सुजलेला पाय बाकावर ठेवून बसल्या होत्या.

"कोठी होते सकाळपासून?"

सूर्यभानरावांनी तोंड उघडलं. नुसती धाप.

"एवढं पानी, बाप्पा! दर लाटेले वाटे, म्हनावं, अवो पाहा ना. अन् वळून पाहिलं तं नारळवाला." वच्छलाबाई पाण्याकडे पाहात म्हणाल्या. "एका दिवसात मले करमेना. तुमी तं तिकडं दोन वर्सं..."

हाच तो क्षण होता, आणि सूर्यभानरावांना श्वास पुरत नव्हता. तेवढ्यात मागून सगळी टूर आली. बेबीताई सगळ्यांच्या पुढे.

"वच्छलाताई, नशीबवान हायेस तू! काय बोलले भाऊजी! टीव्ही, कप, भाजीवाली... रडून रडून माहा दुपट्टा भिजला!"

वच्छलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना. "हे? अवं, चहात साखर नाही हेबी सांगत नाहीत हे. तोंड बांधेल होतं ना? दुसरा कोनी असन."

सगळे खो खो हसले. 'हो' म्हणून नुसती मान हलवली असती तर सूर्यभानराव सुटले असते. जन्मभर तेच करत आले होते. पण त्यांचं तोंड आता उघडं होतं आणि वच्छला समोर बसली होती.

"मीच होतो," ते म्हणाले.

हसू थांबलं. वच्छलाबाईंनी पाय बाकावरून खाली घेतला. "अन् मंग?"

"घरी चाल."

वच्छलाबाईंनी पर्समधून मोबाईल काढला. "रागिणी, बाळाले सांभाळाले बाई पाहून ठेव. मी अकोल्याले चालली."

"काय झालं आई?" फोनमधून घाबरलेला आवाज आला. "बाबा बरे आहेत ना?"

वच्छलाबाईंनी सूर्यभानरावांकडे पाहिलं. घामानं निथळणारा, कानापर्यंत लाल झालेला माणूस.

"बरे कायचे!" त्या म्हणाल्या. "बोलाले लागले."